बावन्न अंश

दगडी पाला, एकदांडी, कंबरमोडी.
गावागणिक या झुडपाला वेगळं नाव,
पण अंगात शिरल्यावर ते कोणाला भेटतं
याची नोंद कुठेच नाही.

आमच्या आखाड्यात खोपडे मास्तर
पाला चावून चावून थेट गुडघ्यावर थुंकायचे.
मल्लखांबावरून घसरलेली मी, नऊ वर्षांची,
रडू गिळून बघत राहायची.
रक्त थांबायचं.
"कसं काय थांबलं?"
"थांबलं ना? मग चढ."

तेवढ्या उत्तरावर भागलं नाही म्हणून
बडोद्यात, सायन्स फॅकल्टीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी सहा वर्षं काढली.

पाला प्रतापनगरला रुळांच्या कडेला मिळतो.
बाबरभाई पोतं भरून आणतात,
दर वेळी विचारतात, "बेन, बकरी पाळलीय का?"
वाळवला, कुटला, मद्यार्कात मुरवला,
थेंब थेंब वेगळा केला.
अडतिसाव्या शिशीत पिवळं काहीतरी उतरलं.

बशीत पेशींचा सलग थर असतो.
त्यावर आधी ओरखडा काढायचा,
सरळ, एका दमात.
पहिल्यांदा माझा हात अडला.
मग पिवळा थेंब सोडला
आणि अठरा तासांनी पाहिलं, तर दोन्ही काठ
एकमेकांकडे सरकलेले.

पारेख मॅडम म्हणाल्या, "सरस. पण त्यानं धरलं कोणाला?"

हजारो प्रथिनांची ती वस्ती,
कुणाच्याच दारावर पाटी नाही.
चुंबकी मण्यांना तो रेणू बांधून
पेशींच्या रश्शात गळ टाकला.
विश्वामित्रीच्या काठावर बसणाऱ्यांना ठाऊक आहे,
गळाला मासाच लागेल असं नसतं,
कधी चप्पल येते,
कधी दोरी हातातच राहते आणि पलीकडून
मगर बघत असते.

धुतलं. परत धुतलं.
सैल चिकटलेलं निघून गेलं.
सकाळी यंत्रानं यादी दिली.
सगळ्यात वर केराटिन.
म्हणजे माझीच कातडी,
हातमोजा चढवताना झडलेली.
अकरा महिने शोधून
सापडले ती मी.
त्या दिवशी सेवउसळ खाल्ली, तर्री दोनदा मागितली,
डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटानं, असं सगळ्यांना सांगितलं.

दुसरी रीत उन्हाळ्याच्या स्वभावाची.
प्रथिनं तापवली की धीर सोडतात,
अंड्यासारखी गोठून तळाला बसतात.
पण ज्याला कोणी घट्ट धरून ठेवलंय
ते जरा जास्त वेळ तग धरतं.
दहा नळ्या, चाळीस अंशांपासून सदुसष्टपर्यंत.
मे महिना होता, बाहेर चव्वेचाळीस.
मी पहिल्या दुसऱ्या नळीच्या मधे कुठेतरी
घराकडे चालत जायचे.

बावन्न अंशांवर
बाकीच्या पट्ट्या विरल्या,
एकच उरली, पिवळ्या थेंबाच्या रांगेत.
नुसत्या मद्यार्काच्या रांगेत त्या जागी काही नाही.
पुन्हा केलं, पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा पुसट,
पण होती.

फिल्म घेऊन दांडिया बाजारात मास्तरांकडे गेले.
त्यांचा डावा हात आता उचलत नाही.
उजव्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली,
बराच वेळ, मल्लखांबाची पकड तपासावी तशी.
"ही बारीक रेघ?"
"हो. पाला हिलाच धरतो. बहुतेक."
"आणि थुंकी?"
"थुंकीचं काय?"
"मी कोरडा पाला कधी लावला होता?"

मी गप्प.

"नाही ना तपासली? मग तसं लिही,"
ते म्हणाले, आणि फिल्म परत देताना
तिच्यावर अंगठ्याचा ठसा उमटवून दिला.